दोन महिन्यांची नलिनी

चामोर्शीहून मुलचेऱ्याच्या बाजूला निघाले की वाटेत कानांवर पडणारी भाषा बदलत जाते. बाजारात मराठी, जंगलाच्या कडेच्या टोल्यांत गोंडी आणि माडिया, आणि मधूनच एखादे गाव असे लागते की तिथे घराघरांतून बंगाली ऐकू येते. पूर्व बंगालमधून परागंदा झालेल्या कुटुंबांना १९६० च्या दशकात तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात वसवण्यात आले. पुढे १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि यातली बरीच गावे त्या जिल्ह्यात गेली. नद्या, गाव, नातीगोती मागे टाकून आलेल्या या माणसांना निरोप म्हणजे काय, हे कोणी शिकवायला नको. धानाच्या बांध्यांत मराठी शेजाऱ्याबरोबर उभे राहून ती आज मराठी बोलतात आणि घरी गेली की रवींद्रनाथांची भाषा बोलतात.

मराठी आणि बंगाली यांचा हा शेजार पाहिला की त्याच्याही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे आधीची एक गोष्ट आठवते. ती घडली मुंबईत, १८७८ च्या पावसाळ्यात. एका मराठी घरात एक बंगाली मुलगा पाहुणा म्हणून आला, दोनेक महिने राहिला आणि बोटीत बसून विलायतेला निघून गेला. त्या दोन महिन्यांत त्या घरातल्या मुलीशी त्याचे जे नाते जुळले, त्याला प्रेम म्हणावे की प्रेमाची चाहूल, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुलगा होता रवींद्रनाथ ठाकूर. मुलगी होती अन्नपूर्णा तर्खडकर. घरातले तिला ॲना म्हणत. रवींद्रनाथांनी तिला आणखी एक नाव दिले, आणि ही गोष्ट मुख्यतः त्या नावाची आहे.

घर तसेच होते

तर्खडकरांचे घर म्हणजे अव्वल इंग्रजीच्या काळातल्या मुंबईचे एक वैचारिक केंद्रच होते. थोरले दादोबा पांडुरंग हे मराठीचे व्याकरणकार. त्यांचे व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले आणि लोक त्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणू लागले. जातिभेद मोडण्याची शपथ घेणाऱ्या परमहंस सभेमागेही तेच होते. दुसरे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रे लिहून कंपनी सरकारच्या लुटीचा जाब विचारला होता. तिसरे आत्माराम पांडुरंग. ते ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या डॉक्टरांपैकी एक. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, त्याच्या मुळाशी आत्माराम पांडुरंग होते. पुढे १८७९ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्या आठ जणांत जे दोन हिंदी होते, त्यातले एक तेच.

अन्नपूर्णा ही या आत्मारामपंतांची लेक. ज्या काळात मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी उरकली जात, त्या काळात या बापाने मुलींना शिकवले. ॲना विलायतेला जाऊन आलेली होती. इंग्रजी ती सफाईने बोले, परक्या माणसासमोर मोकळेपणाने बसे. घराबाहेरच्या समाजात हे पाहून किती भुवया उंचावल्या असतील, त्याची कल्पना करता येते. पण या घरात हे सारे नेहमीचे होते. ही गोष्ट दुसऱ्या घरात घडलीच नसती, म्हणून हे घर आधी समजून घ्यावे लागते.

प्रार्थना समाजाचे बंगालच्या ब्राह्म समाजाशी जवळचे नाते होते. त्यातून रवींद्रनाथांचे मधले बंधू सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले हिंदी गृहस्थ, आणि त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात गेली. त्यांना मराठी माणसांचा लळा होता. तुकारामाचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. तर्खडकरांशी त्यांची मैत्री असणे अगदी स्वाभाविक होते.

सतरा वर्षांचा पाहुणा

१८७८ मध्ये सत्येंद्रनाथ अहमदाबादेत न्यायाधीश होते. धाकट्या भावाचे शाळेत काही जमेना. एक शाळा सोडली, दुसरी सोडली, घरी मास्तर ठेवले, तरी गाडी रुळावर येईना. शेवटी त्याला विलायतेला नेऊन बॅरिस्टर करावे असे ठरले. जाण्याआधी थोडे इंग्रजी सुधारावे म्हणून मुलगा अहमदाबादेला भावाकडे आला. शाहीबागेतल्या जुन्या मोगली वाड्यात, खाली साबरमतीचे पात्र, दिवसभर भाऊ कचेरीत, आणि हा एकटाच मोठमोठ्या दालनांतून हिंडतोय, असे ते दिवस होते. तिथल्या गच्चीवर त्याने स्वतःच्या गाण्यांना पहिल्यांदा स्वतः चाली लावल्या. भावाच्या संग्रहातली इंग्रजी पुस्तके शब्दकोश उघडून वाचली. दांते आणि बिआत्रिचे, पेत्रार्क आणि लॉरा, गटे आणि त्याच्या प्रेयसी यांच्यावर त्या सुमाराला त्याने लिहिलेले लेख ठाकूर घराण्याच्या ‘भारती’ मासिकात आले. दूरदेशीच्या कवींच्या प्रेमकहाण्या तो असा पुस्तकांतून शिकत होता. स्वतःच्या आयुष्यात मात्र त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

सत्येंद्रनाथांच्या लक्षात आले की पुस्तकांनी एवढेच होणार. इंग्रजी बोलण्याची भीड जायला हवी, विलायती रीतिरिवाज अंगवळणी पडायला हवेत. त्यासाठी त्यांनी भावाला मुंबईला तर्खडकरांकडे राहायला पाठवले. शिकवण्याचे काम आपसूक ॲनाकडे आले. ती त्याच्याहून काही वर्षांनी मोठी. शिकलेली, जग पाहिलेली, हसरी. आणि हा लाजरा, अंतर्मुख, आपल्याला काही येत नाही या जाणिवेने आधीच दबलेला.

अशा वेळी सतरा वर्षांच्या मुलाजवळ मिरवायला काय असते? याच्याजवळ एकच गोष्ट होती, आपण कविता करतो ही. ती त्याने सांगून टाकली. दुसरी एखादी असती तर तिने ते हसण्यावारी नेले असते, किंवा कौतुकाचे दोन शब्द बोलून विषय बदलला असता. ॲनाने ते खरे मानले. त्याचे कवीपण तिने कुठलाही पुरावा न मागता स्वीकारले. म्हातारपणी रवींद्रनाथांना तिच्याविषयी जी कृतज्ञता वाटत राहिली, तिचे मूळ इथे आहे. जगाने त्यांना कवी म्हणण्याआधी, बंगाली न येणाऱ्या एका मराठी मुलीने त्यांना कवी म्हटले होते.

नाव

‘कविकाहिनी’ हे त्याचे दीर्घकाव्य तेव्हा ‘भारती’त क्रमशः येऊन गेले होते. ते तो तिला वाचून दाखवी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्थ सांगे. खरे तर इंग्रजी तिने त्याला शिकवायचे होते. पण रोजच्या या वाचनात कोण कोणाला शिकवत होते हे सांगणे कठीणच. तिने ते काव्य इतक्या वेळा ऐकले की ते तिला पाठ झाले. हे तिने स्वतःच पुढे कळवले. तो गेल्यावर, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, ‘कविकाहिनी’ पुस्तकरूपाने निघाली. त्याचे बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी तिला एक प्रत पाठवली. तिची पोच देताना तिने ही पाठांतराची गोष्ट लिहिली.

एके दिवशी तिने त्याच्याकडे हट्ट धरला की मला एक नाव दे. रोजचे नाव सगळ्यांचे असते. तिला असे नाव हवे होते की जे फक्त त्याने दिलेले असेल. त्याने तिला नाव दिले नलिनी. ‘कविकाहिनी’च्या नायिकेचे नावही हेच. मग ते नाव गुंफून त्याने एक गाणे रचले आणि पहाटेच्या भैरवीत ते तिला ऐकवले. त्यावर ती म्हणाली होती की हे गाणे कानी पडले तर आपण मरणाच्या दारातूनही परत येऊ. बोलून गेली असेल ती सहज, त्या वयात माणसे असे बोलतात. पण ऐकणाऱ्याने ते साठ वर्षे लक्षात ठेवले.

या नावात एक गंमत आहे. त्या दोघांना एकमेकांची मातृभाषा येत नव्हती. बोलणे चाले ते इंग्रजीत, आणि त्याचे इंग्रजी तर बेताचे. पण नलिनी म्हणजे काय, हे त्याला तिला समजावून सांगावे लागले नसेल. कमळाची ही वेल दोघांच्याही भाषेत एकाच नावाने ओळखली जाते. सगळ्या उसन्या शब्दांत हा एकच शब्द दोघांच्या मालकीचा होता.

हातमोजे

तिच्या थट्टेच्या दोन आठवणी रवींद्रनाथांनी सांगून ठेवल्या आहेत. एक दाढीची. तू कधी दाढी ठेवू नकोस, चेहऱ्याची रेषा झाकून जाईल, असे तिने त्याला बजावले होते. आज साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर रवींद्रनाथांचा जो चेहरा आहे, त्यातून ती पांढरी दाढी वेगळी काढताच येत नाही. तिचे हे एकच सांगणे आपण पाळले नाही, आणि ते पाहायला ती राहिलीही नाही, अशी हळहळ त्यांनी उतारवयात बोलून दाखवली.

दुसरी आठवण हातमोज्यांची. ती त्यांनी दिलीपकुमार रॉय यांना सांगितली होती. एकदा ॲनाने त्याला विलायतेतली एक चाल सांगितली. बाई झोपली असताना जो कोणी तिचे हातमोजे चोरील, त्याला तिचे चुंबन घेण्याचा हक्क मिळतो. एवढे सांगून थोड्या वेळाने ती आरामखुर्चीत झोपी गेली, निदान तिने डोळे मिटले. उठल्यावर तिने पाहिले तर हातमोजे जिथल्या तिथे होते.

वाचताना आपल्याला हसू येते, आणि पाठोपाठ कुठेतरी चुटपुट लागते. त्या मुलाला कळले नाही म्हणावे, तर कवी इतका भोळा कसा? कळून हात पुढे झाला नाही म्हणावे, तर त्या न उचललेल्या हातमोज्यांत त्याचे सारे संकोची वय दिसते. आणि तिचे काय? १८७८ साली एका हिंदू घरातल्या मुलीने एवढे धैर्य करावे, तेही खेळाच्या मिषाने, म्हणजे नकार आला तरी दोघांची लाज राहावी, यात केवढा समंजसपणा आहे! तिने दार उघडले होते, पण त्याला ओढून आत नेले नाही. तो उंबऱ्याशीच उभा राहिला.

पाच वाजता सुटलेली बोट

२० सप्टेंबर १८७८. मुंबई बंदरातून ‘पूना’ नावाची आगबोट संध्याकाळी पाच वाजता सुटली. तिच्यावर सत्येंद्रनाथ आणि त्यांचा धाकटा भाऊ होते. प्रवासाचे वर्णन रवींद्रनाथांनी पत्रांतून लिहिले आणि ते ‘भारती’त छापून आले. डेकवर उभे असताना हिंदुस्थानच्या किनाऱ्याची शेवटची रेषा हळूहळू पुसून गेली, भोवतालची गडबड त्याला सोसेना, आणि तो आपल्या खोलीत जाऊन पडला. मग समुद्र लागला. सहा दिवस त्याने अंथरुण सोडले नाही.

या वर्णनात ॲनाचे नाव नाही. निरोप कसा घेतला, बंदरावर कोण आले होते, ती काय बोलली, यातले काहीच नाही. आहे ती फक्त किनाऱ्याची पुसत गेलेली रेषा, आणि माणसांत न राहवून खोलीत जाऊन पडणारा एक मुलगा. ज्यांनी कधी प्रवासात कोणाचा असा निरोप घेतला आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. अशा वेळी काही ठरलेले नसते, वचने दिलेली नसतात, म्हणून तक्रारीलाही जागा नसते. नाते पुरते जुळलेले नसते, तर ते तुटले असे तरी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

तो विलायतेत दीडएक वर्ष राहिला आणि बॅरिस्टर न होताच १८८० च्या प्रारंभी परत आला. तोवर ॲनाचे लग्न झाले होते. ११ नोव्हेंबर १८७९ रोजी तिने बडोद्याला शिकवणारे ब्रिटिश प्राध्यापक हॅरल्ड लिटलडेल यांच्याशी विवाह केला. मराठी मुलीने गोऱ्या माणसाशी लग्न करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यातही तिचे आणि तिच्या वडिलांचे स्वतंत्र बाण्याचे वळण दिसतेच. पुढे ती नवऱ्याबरोबर दूर स्कॉटलंडला गेली. ५ जुलै १८९१ रोजी एडिंबरा येथे तिचा मृत्यू झाला. तिशी ओलांडून तिला फार दिवस झाले नव्हते. त्या थंड शहरात तिला पहाटेची भैरवी ऐकवणारे कोणी नव्हते.

पण एक गोष्ट तिने सोडली नव्हती. लग्नानंतरही लेखनासाठी ती नलिनी हेच नाव वापरत राहिली. आणि तिच्या एका भाच्याचे नाव रवींद्रनाथ असे ठेवले गेले. यात लपवाछपवी काही नव्हती. आयुष्यात आलेली एक चांगली गोष्ट तिने उघड्यावर, सर्वांच्या देखत सांभाळली.

साठ वर्षांनी

रवींद्रनाथांची तऱ्हा वेगळी. ९ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचे लग्न झाले. वधू जेमतेम दहा वर्षांची, नाव भवतारिणी. तर्खडकरांच्या घरी बरोबरीने बोलणारी, थट्टा करणारी, कविता पाठ करणारी मुलगी पाहून आलेल्या तरुणाला घरच्या रीतीप्रमाणे ही बालवधू मिळाली. सासरी तिचे नाव बदलून मृणालिनी ठेवले गेले. हे नाव ऐकताना आधीच्या नावाची आठवण आपल्याला झाल्याशिवाय राहत नाही. १८८४ मध्ये त्यांनी एक छोटे नाटक लिहिले, त्याचे नाव ‘नलिनी’. नाव असे त्यांच्या लेखनात फिरत राहिले. नाव जिचे होते तिच्याविषयी मात्र ते बोलले नाहीत.

महाराष्ट्रात त्यांचे येणे-जाणे चालूच होते. सत्येंद्रनाथांची बदली जिथे होईल तिथे ते जात. ‘राजा ओ रानी’ हे नाटक त्यांनी सोलापुरात लिहिले, ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. २७ मे १९१२ रोजी ते पुन्हा मुंबई बंदरातूनच विलायतेला निघाले. या खेपेस वय ५१, दाढी भरघोस, आणि सामानात ‘गीतांजली’च्या इंग्रजी रूपांतराची वही. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाने त्यांना नोबेल पारितोषिक मिळवून दिले. याच १९१२ मध्ये त्यांचे ‘जीवनस्मृती’ पुस्तकरूपाने निघाले. त्यात शाहीबागेचा वाडा आहे, साबरमती आहे. मुंबईविषयी मात्र एवढेच की अहमदाबाद आणि मुंबई मिळून सहाएक महिने काढून आम्ही विलायतेला निघालो. अख्खी ॲना एका वाक्यात दडपून टाकलेली.

ते वाक्य उलगडले १९४० मध्ये. वयाच्या ७९ व्या वर्षी रवींद्रनाथांनी मुलांसाठी ‘छेलेबेला’ हे बालपणाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. शरीर थकले होते, वर्षभरातच, ७ ऑगस्ट १९४१ ला, ते गेले. त्या पुस्तकाच्या शेवटाकडे मुंबईचे ते घर येते, नाव मागणारी मुलगी येते, भैरवी येते, दाढीची गोष्ट येते. परदेशी रानातून एखादा अनोळखी पक्षी आपल्या झाडावर येऊन बसतो, त्याचे गाणे ओळखीचे होईपर्यंत उडून जातो, अशा अर्थाची उपमा त्यांनी तिला दिली आहे. अशी माणसे न बोलावता येतात, मग बोलावून येत नाहीत, पण आपल्या अंतःकरणाची हद्द वाढवून जातात, असे त्यांचे सांगणे. तिचे आपण काही देणे लागतो, हे त्यांनी मरणाच्या आधी लिहून ठेवले. तेव्हा तिला जाऊन ४९ वर्षे झाली होती.

दोघांनी आठवण जपली, पण जपण्याची रीत निराळी. त्यांनी ती साठ वर्षे मनात ठेवली, हिने ती नावासारखी अंगावर वागवली. त्यांचा सन्मान झाला, त्यांच्यावर ग्रंथ निघाले, त्यात ही एका पानाची धनीण झाली. दादोबांची पुतणी, आत्मारामपंतांची लेक, आपल्या मनाप्रमाणे लग्न करणारी, लिहिणारी बाई म्हणून तिची ओळख आपणही ठेवली नाही. महाकवीच्या चरित्रातली तळटीप म्हणून ठेवली. तिच्याकडून निघून गेलेल्या त्या लाजऱ्या मुलाहून आपली चूक मोठी आहे. तो निदान सतरा वर्षांचा होता.

दोन महिन्यांचे नाते वाया गेले असे मात्र म्हणवत नाही. लग्नात शेवट झाला तरच नाते खरे, हा हिशेब संसाराला ठीक आहे. पण एका मुलाला त्याच्या कवीपणाची पहिली खात्री ज्या घरात मिळाली, आणि एका मुलीला आयुष्यभर पुरेल असे नाव जिथे मिळाले, तिथे दोघांपैकी कोणी रिकाम्या हाताने गेले नाही. रिकामे राहिले ते फक्त हातमोजे.

झाडीपट्टीतल्या तलावांत आणि बोड्यांत पावसाळा सरता सरता कमळे दिसू लागतात. काठावरचा मराठी माणूस त्या पाण्याला बोडी म्हणतो, शेजारचा बंगाली पुकुर म्हणतो. आत फुललेल्या वेलीला नलिनी म्हटले, तर ते दोघांनाही कळते.